आधीं देणें, मग भांडणें

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडील वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. या म्हणींत घर बांधणाऱ्याच्या कष्टांची व खर्चाची पुरती जाणीव आहे. परंतु ज्यांनीं ती प्रथम उच्चारली त्यांस पुढची एक गोष्ट बहुधा ठाऊक नसावी. घर बांधून होण्यास दोन वर्षें लागलीं, तर त्या बांधकामांतून निघालेलें भांडण मिटण्यास दहा वर्षें लागूं शकतात. आणि काम जर धरण, पूल, रस्ता अगर रेल्वे यांसारखें लोकांच्या पैशानें होणारें असेल, तर पायाचा दगड बसविणारा इंजिनियर निवृत्त होऊन जातो, कंत्राटदाराचा मुलगा वडिलांच्या गादीवर बसतो, आणि दावा मात्र तारखेमागून तारीख घेत चालूच राहतो. अशा दाव्यांचा भार शेवटीं कोणाच्या शिरावर पडतो, आणि तो टाळण्यास कांहीं मार्ग आहे कीं नाहीं, याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सन २०२४ मध्यें या प्रश्नास तोंड फुटावें अशा दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षीं ३ जून रोजीं मध्यवर्ती सरकारच्या अर्थखात्यानें एक परिपत्रक काढून आपल्या खात्यांस व सरकारी कंपन्यांस कळविलें कीं, खरेदीच्या व बांधकामाच्या करारांत लवादाचें कलम यापुढें सरसकट घालूं नये. दहा कोटी रुपयांहून कमी किंमतीच्या तंट्यांपुरतेंच तें सामान्यतः ठेवावें. मोठे तंटे मध्यस्थीनें मिटवावे, न मिटल्यास न्यायालयांत जावें. पुढें ८ नोव्हेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें बहुमतानें असा निकाल दिला कीं, सरकारी करारांत लवादाचा पंच नेमण्याचा अधिकार सरकारी पक्षानें एकट्याच्या हातीं ठेवणें हें राज्यघटनेच्या १४ व्या कलमांतील समतेच्या तत्त्वास सोडून आहे. एकाच वर्षांत न्यायालय लवादाच्या घराचें दार दोन्ही पक्षांस सारखें उघडें करतें, आणि त्याच सुमारास सरकार त्या घरांतून बाहेर पडूं पाहतें, हा योगायोग मोठा बोलका आहे. परंतु आमच्या मतें खरा प्रश्न लवाद कीं न्यायालय हा नव्हेच. तंटा उत्पन्न झाला त्याच महिन्यांत, त्याच जागेवर, तो कोणी तरी निःपक्षपाती माणसानें कां सोडवूं नये, हा खरा प्रश्न आहे.

बांधकामाचा तंटा इतर व्यापारी तंट्यांहून जातीनेंच निराळा आहे. धान्याच्या पोत्यांचा सौदा झाला तर माल डोळ्यांपुढें असतो. मूठभर दाणे हातांत घेऊन त्याची पारख करतां येते. बांधकामाचा करार म्हणजे अद्याप अस्तित्वांत नसलेल्या वस्तूचा सौदा. जमिनीच्या पोटांत मुरूम लागेल कीं काळा पाषाण लागेल, हें खणल्यावांचून कळत नाहीं. संपादन केलेली जागा वेळेवर ताब्यांत मिळेल कीं नाहीं, हें कंत्राटदाराच्या हातीं नसतें. नकाशे मागाहून बदलतात. निविदेंत नसलेलीं कामें तोंडी हुकुमानें करवून घेतलीं जातात. सिमेंटाचे व पोलादाचे भाव चढतात. आणि एक महिन्याची दिरंगाई पावसाळ्याच्या तोंडाशीं झाली, तर ती आपोआप पांच महिन्यांची होऊन बसते. मग खातें म्हणतें, कंत्राटदारानें उशीर केला. आणि त्याच्या बिलांतून दंड कापून घेतें. कंत्राटदार म्हणतो, मला जागाच दिली नाहीं. आणि बसून राहिलेल्या यंत्रांची व माणसांची भरपाई मागतो. १८७२ च्या कराराच्या कायद्यांतील ५५, ७३ व ७४ या कलमांत उशीर, नुकसानभरपाई आणि आगाऊ ठरविलेला दंड यांविषयीं नियम सांगितलेले आहेत. पण नियम कितीही स्पष्ट असला तरी घडलेली हकीकत निश्चित झाल्यावांचून तो लावावयाचा कोठें?

आणि हकीकत निश्चित करण्याची योग्य वेळ म्हणजे ती घडत असतांनाची. पाया खणलेला उघडा आहे तोंवर त्यांत खडक किती निघाला हें दोन जाणत्या माणसांस एका दुपारीं मोजतां येईल. पाया भरला, त्यावर खांब चढले, आणि सात वर्षांनीं तोच प्रश्न न्यायालयाच्या टेबलावर आला, म्हणजे खडकाच्या जागीं कागद येतो. मोजमापाच्या पुस्तकांत कोणी काय लिहिलें, कोणत्या पत्रास उत्तर गेलें नाहीं, साक्षीदार आज कोठें आहे, यांवर वाद चालतो. जें काम फूटपट्टी व टेप यांनीं झालें असतें, त्यासाठीं दोन्ही बाजूंचे वकील, तज्ज्ञ आणि पंच उभे करावे लागतात. तंटा जितका जुना होतो तितका तो महाग होतो, आणि जितका महाग होतो तितका तो सत्यापासून दूर जातो.

हा अनुभव आपल्या प्रांतास नवा नाहीं. मुंबई-पुणें लोहमार्गासाठीं भोर घाट फोडण्याचें काम १८५६ सालीं सुरू झालें. त्याचा कंत्राटदार फॅव्हिएल हा मुंबई-ठाण्याच्या पहिल्या लोहमार्गाच्या बांधकामांतलाच माणूस होता. त्याच्या हाताखालीं उपकंत्राटदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम, आणि त्यांच्या हाताखालीं हजारों मजूर, अशी ती उतरंड होती. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून घाटांत मजुरांचा दंगा उसळला, आणि त्याच वर्षीं फॅव्हिएलनें काम सोडलें. त्याच्या जागीं विलायतेहून आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मरण पावला; तेव्हां त्याची पत्नी अॅलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें, आणि १८६३ त घाट खुला झाला. त्या घाटांतून जातांना बोगद्यांचें कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. पण वरचा पैसा खालीं वेळेवर पोंचला नाहीं म्हणजे दगड फोडणाऱ्या हातांतच दगड येतो, हा त्या घाटाचा दुसरा धडा आपण विसरलों आहों. आजही उतरंड तीच आहे. वरच्या मडक्यांत पाणी अडलें कीं तळचें मडकें कोरडें पडतें. आणि तळाशीं असतो तो गवंडी व बिगारी, ज्याच्यापाशीं ना वकील असतो, ना पुढच्या आठवड्याचें धान्य.

आतां तंटा झाला असतां सध्यां वाट कोणती, तें पाहूं. आपल्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या करारांत वर्षानुवर्षें चालत आलेला 'बी-१' म्हणून एक नमुना आहे. त्यांतील तिसाव्या कलमाप्रमाणें कामासंबंधींच्या प्रश्नांवर अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक समजावयाचा असतो. म्हणजे ज्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणें, त्याच खात्याच्या वरिष्ठ अंमलदाराकडे निवाडा! पुष्कळ वर्षें कंत्राटदार या कलमास लवादाचें कलम मानून त्याच्या आधारें दाद मागत होते. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विष्णु विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यांत स्पष्ट केलें कीं, हें लवादाचें कलम नव्हेच. निकाल कायद्याच्या दृष्टीनें बरोबर आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. कामावर देखरेख करणारा अंमलदार पंच कसा होईल? परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, कलम करारांत राहिलें आणि त्यांतला न्याय मात्र निघून गेला. कंत्राटदारास निःपक्षपाती पंचही नाहीं आणि 'अंतिम' म्हटलेल्या निर्णयानें तंट्याचा अंतही होत नाहीं. दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्यावांचून त्यास गत्यंतर नाहीं.

जेथें लवादाचें कलम आहे, तेथें तरी सुख आहे काय? १९४० च्या लवादाच्या कायद्याखालीं प्रत्येक पायरीवर न्यायालयाचा हात लागे. ती दशा पाहून १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच असे उद्गार काढले कीं, या पद्धतीनें वकिलांस हंसूं येतें आणि न्यायाच्या तत्त्वज्ञांस रडूं येतें. पुढें १९९६ चा नवा कायदा आला. त्यानें न्यायालयाचा हस्तक्षेप कमी केला खरा. पण निवाड्याविरुद्ध नुसता अर्ज दाखल झाला कीं त्याची अंमलबजावणी आपोआप थांबे, ही मोठी फट त्यांत राहून गेली. हरलेल्या पक्षास देणें टाळण्यासाठीं याहून स्वस्त उपाय कोणता? २०१५ च्या दुरुस्तीनें ती फट बुजविली. ती पुन्हां अंशतः उघडण्याचा प्रयत्न २०१९ सालीं कायदेमंडळानें केला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें एका बांधकाम कंपनीच्याच अर्जावरून तो रद्द ठरविला. निवाडा किती महिन्यांत व्हावा याची मुदतही आतां कायद्यांत घातलेली आहे. कागदावर पाहिलें तर कायदा सुधारत गेला आहे. परंतु निवाडा, त्यावर जिल्हा अगर उच्च न्यायालयांत अर्ज, त्यावर अपील, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालय, ही शिडी जशीच्या तशी उभी आहे.

तिचें एक उदाहरण सर्वश्रुत आहे. दिल्लीच्या मेट्रो संस्थेनें विमानतळाच्या मार्गासाठीं एका खाजगी कंपनीशीं २००८ सालीं करार केला. मार्ग २०११ त सुरू झाला. २०१२ त बांधणींतील दोषांवरून गाड्या बंद पडल्या, आणि कंपनीनें करार संपुष्टांत आणल्याची नोटीस दिली. २०१७ सालीं पंचांनीं कंपनीस सुमारें २,७८२ कोटी रुपये व त्यावर व्याज देवविलें. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं तो निवाडा कायम केला. दोघांच्या पीठानें तो फिरविला. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो पुन्हां उभा केला. आणि १० एप्रिल २०२४ रोजीं त्याच न्यायालयानें दोषदुरुस्तीच्या असाधारण अर्जावर तो अखेरचा रद्द करून दिलेले पैसे परत करावयास लावलें. कोणाची बाजू खरी याच्या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु तुळयांतील दोष दुरुस्त झाले होते कीं नाहीं, हा मूळचा प्रश्न २०१२ सालचा होता. तो तुळईखालीं उभें राहून पाहावयाचा होता. आणि त्याचा शेवटचा शब्द बारा वर्षांनीं, तोही न्यायशास्त्राच्या सूक्ष्म भेदांवर, उच्चारला गेला. सरकार जिंकलें असें म्हणणाऱ्यांनीं मधल्या वर्षांचा खर्च, अनिश्चितता आणि भावी निविदांत भरणारे सावध भाव यांचाही हिशेब करावा.

कारण या दिरंगाईचें मोल शेवटीं लोकच भरतात. कायद्यानें, निवाड्यांत अन्यथा सांगितलेलें नसेल तर, निवाड्याच्या दिवसापासून चालू व्याजदरापेक्षां दोन टक्के अधिक व्याज चालतें. दहा टक्के सरळ व्याज धरलें तरी एक कोटीचें देणें दहा वर्षांनीं दोन कोटींचें होतें. त्यांतील दुसऱ्या कोटींत एक वीटही रचली जात नाहीं, एक खेडेंही रस्त्यास जोडलें जात नाहीं. आणि ज्या कंत्राटदारास सरकारकडून पैसे कधीं मिळतील याची खात्री नसते, तो आपल्या निविदेंतच त्या धास्तीची किंमत चढवून ठेवतो. म्हणजे तंटा झाला नाहीं तरी तंट्याचा कर आपण भरतच असतों.

सरकारास ही गोष्ट कळत नाहीं असें नाहीं. २०१६ सालीं मध्यवर्ती मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, सरकारी संस्थेनें निवाड्यास आव्हान दिलें असेल तर बँकेच्या हमीवर पंचाहत्तर टक्के रक्कम कंत्राटदारास देऊन टाकावी. विचार उत्तम होता. परंतु जो उधारीखालीं आधींच दबलेला, त्यानें तेवढी हमी बँकेकडून आणावयाची कशी? पुढें २०२३ सालीं 'विवाद से विश्वास' नांवाची दुसरी योजना निघाली. तींत न्यायालयाच्या हुकुमाच्या रकमेपैकीं फार तर ८५ टक्के आणि लवादाच्या निवाड्याच्या रकमेपैकीं फार तर ६५ टक्के घेऊन तंटा मिटवावा, असा प्रस्ताव कंत्राटदारांपुढें ठेवण्यांत आला. जुने तंटे मिटतात हें चांगलेंच. पण पंचांनीं देणें ठरविल्यावरही तें पदरांत पडावें म्हणून सावकारानेंच एकतृतीयांशाहून अधिक रक्कम सोडावी, असें जेव्हां राज्यकर्ते सुचवितात, तेव्हां चाललेल्या पद्धतीवर त्याहून कडक टीका दुसरी कोणी करण्याची गरज राहत नाहीं.

आतां जून २०२४ च्या परिपत्रकाकडे वळूं. त्यांतील तक्रारी खोट्या आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. लवाद झटपट होत नाहीं, तो स्वस्त नाहीं, त्याच्या निवाड्यांस जवळ जवळ नेहमींच आव्हान दिलें जातें, आणि बंद खोलींतील कामामुळें संगनमताचा संशय येतो, असें सरकारचें म्हणणें आहे. यांतील पहिल्या तीन दोषांत सरकारचा स्वतःचा वांटा किती, हें मात्र त्यांत पुरेसें आलेलें नाहीं. तारखा मागणाऱ्यांत सरकारी खातीं मागें नसतात; निवाड्यास आव्हान देणाऱ्यांत तर तीं आघाडीवर असतात. वैद्याचें औषध न घेतां दुखणें वाढलें म्हणून वैद्यास काढून टाकावें, तशांतलाच हा प्रकार आहे. बरें, लवाद सोडून जावयाचें कोठें? ज्या न्यायालयांत आधींच दाव्यांची दाटी आहे, तेथें. खडक किती निघाला, काँक्रीटचा कस काय होता, हे प्रश्न न्यायाधीशांपुढें नेऊन ठेवल्यानें ते लवकर सुटतील, अशी आशा अर्थखात्यास तरी खरोखर वाटत असेल काय? मध्यस्थीचा मार्ग परिपत्रकानें सुचविला आहे आणि २०२३ चा मध्यस्थीचा कायदा त्यास आधार देतो. या भागाचें आम्ही मनापासून स्वागत करतों. पण मध्यस्थीस दोन्ही बाजूंस 'होय' म्हणणारा माणूस लागतो, आणि सरकारी बाजूस तो सांपडत नाहीं, येथेंच सारी अडचण आहे.

तो कां सांपडत नाहीं, याचा उघड विचार होणें जरूर आहे. एखाद्या कार्यकारी अभियंत्यास मनांतून पटलेलें असतें कीं कंत्राटदाराचें पन्नास लाखांचें मागणें रास्त आहे. त्यानें तें मान्य केलें, तर उद्यां हिशेबतपासनीस आक्षेप घेतो, परवां दक्षता विभागाचें पत्र येतें, आणि निवृत्तीनंतरही चौकशीचें शुक्लकाष्ठ मागें लागतें. तेंच त्यानें नाकारलें, आणि दहा वर्षांनीं न्यायालयानें सरकारास एक कोटी द्यावयास लावले, तर त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं. कारण तें देणें न्यायालयानें सांगितलें, त्यानें नव्हे. प्रामाणिक निर्णयास शिक्षा आणि अनिर्णयास अभय, अशी जेथें व्यवस्था आहे तेथें माणसें निर्णय टाळतील यांत नवल तें काय? लांचखाऊ अंमलदारास धाक हवाच. परंतु तो धाक सरळ माणसाच्या लेखणीस बसूं नये, एवढी योजना करणें हें सरकारचें कर्तव्य आहे.

यावर उपाय शोधावयास फार दूर जावयास नको. पण दूर गेलों तरी तो सांपडतो. अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतांत आयझेनहॉवर बोगद्याच्या पहिल्या नळीचें काम तंट्यांनीं गाजलें, म्हणून दुसऱ्या नळीच्या वेळीं, १९७५ सालीं, कामाच्या आरंभींच तीन जाणत्या त्रयस्थांचें मंडळ नेमण्यांत आलें. तें मंडळ ठराविक काळानें कामावर जाई, वाद ऐके आणि तेथल्या तेथें आपलें मत देई. आंतरराष्ट्रीय बांधकामाच्या करारांत आतां अशीं मंडळें रूढ झालीं असून निर्णयासाठीं त्यांस ८४ दिवसांची मुदत असते. इंग्लंडांत तर त्याहून पुढचें पाऊल टाकलें गेलें. लॅथम यांच्या १९९४ च्या अहवालानंतर तेथील पार्लमेंटानें १९९६ त कायदा करून बांधकामाच्या करारांतील कोणाही पक्षास कोणत्याही वेळीं तंटा निर्णायकाकडे नेण्याचा हक्क दिला. निर्णायकानें २८ दिवसांत निर्णय द्यावा. तो निर्णय तूर्त पाळावा, पैसे देऊन टाकावे. आणि ज्यास तो मान्य नसेल त्यानें मागाहून लवादांत अगर न्यायालयांत खुशाल जावें. आधीं देणें, मग भांडणें, हें त्या कायद्याचें सार. सिंगापुरानें २००४ सालीं तशाच धर्तीचा कायदा केला. आपल्या देशांत असा कायदा अद्याप नाहीं.

कोणी म्हणेल, हें परदेशी रोप आपल्या मातींत रुजणार नाहीं. आमचें उत्तर असें कीं, हें तत्त्व आपल्या कायद्यांत पूर्वींच रुजलेलें आहे. कंत्राटदारानें मजुरास मजुरी दिली नाहीं, तर मूळ मालकानें ती आधीं द्यावी आणि मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी, हा नियम कंत्राटी कामगारांसाठीं आपण १९७० सालींच केला. मजूर उपाशी राहून निकालाची वाट पाहूं शकत नाहीं, हें आपण ओळखलें म्हणूनच तो झाला. मग ज्या अडलेल्या बिलामुळें त्या मजुराची मजुरी अडते, त्या बिलास तोच न्याय कां नसावा? दुसरा आक्षेप असा कीं, घाईनें दिलेला निर्णय चुकेल. चुकेल, हें खरें. परंतु २८ दिवसांत झालेली चूक मागाहून दुरुस्त होऊं शकते. बारा वर्षांची दिरंगाई कशानेंही भरून येत नाहीं. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दिलेले पैसे परत घ्यावयाची वेळ आली आणि कंत्राटदार बुडाला, तर लोकांच्या पैशाचें काय? यासाठीं मोठ्या रकमांस वाजवी तारण घेण्याची सोय ठेवतां येईल. परंतु तारणाची अट एवढी जड नसावी कीं उजव्या हातानें दिलेलें डाव्या हातानें काढून घ्यावें.

कंत्राटदार मंडळींनींही आपलें मन तपासावयास हवें. अशक्य इतक्या खालच्या भावानें निविदा भरावयाची, काम मिळवावयाचें, आणि मग फुगविलेल्या मागण्यांच्या जोरावर नफा काढावयाचा, हा ज्यांचा धंदा झाला आहे त्यांच्यासाठीं आम्ही लेखणी झिजवीत नाहीं. दहा रुपये देणें असतां शंभर मागणारा माणूस उरलेल्या नऊ प्रामाणिक माणसांचाही विश्वास घालवितो. अडचण आली त्या दिवशीं लेखी कळवावी. मोजमाप दोन्ही पक्षांनीं मिळून करावें व त्यावर दोघांनीं सही करावी. रोजच्या कामाची, मजुरांची, पावसाची व यंत्रांची नोंद ठेवावी. आणि आपल्याला मिळालेला पैसा आपल्या खालच्या उपकंत्राटदारास व मजुरास ठरल्या दिवशीं द्यावा. वरून न्याय मागणाऱ्यानें खालीं अन्याय करूं नये, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

शेवटीं, ज्यांनीं आयुष्याची पुंजी घालून घर घेतलें त्यांच्याविषयीं दोन शब्द. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानंतरही घर घेणारा माणूस बांधणाऱ्यापुढें दुबळाच होता. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें त्यास बळ दिलें. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशापैकीं सत्तर टक्के निराळ्या खात्यांत ठेवून त्याच बांधकामावर खर्च करावे. ठरल्या वेळीं ताबा दिला नाहीं तर पैसे सव्याज परत करावे. बांधणींतील दोष पांच वर्षांपर्यंत फुकट दुरुस्त करावे, असे नियम त्यानें घातले. आपल्या राज्याच्या प्राधिकरणानें ग्राहकांचे आणि बांधकाम व्यावसायिकांचे प्रतिनिधी एकत्र बसवून सलोख्याची सोय केली, ही अनुकरणीय गोष्ट होय. परंतु हुकूम हातीं पडणें आणि पैसे हातीं पडणें यांत अजून मोठें अंतर आहे. हुकुमाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें करावयाची, म्हणजे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीकडे जाते. आणि तेथें इतर शंभर कामांच्या ढिगांत घर घेणाऱ्याचा कागद खालीं जातो. घरभाडें आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणाऱ्या गृहस्थास अशा कागदाचें तोरण कोणत्या दारावर बांधतां येणार?

यास्तव आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. राज्य सरकारनें 'बी-१' नमुन्यांतील तिसावें कलम काढून टाकून त्याच्या जागीं त्रयस्थ निर्णयाची सोय घालावी. मोठ्या कामांवर पहिल्या दिवसापासून दोन्ही पक्षांच्या संमतीचें मंडळ असावें. लहान कामांसाठीं प्रत्येक विभागांत एक सामाईक निर्णायकांची यादी ठेवावी, आणि तींत निवृत्त सरकारी अंमलदारांचाच भरणा नसावा. निर्णयाची रक्कम ठरल्या मुदतींत देण्याचें बंधन कायद्यानें घालावें. तज्ज्ञांच्या समितीच्या सल्ल्यानें सद्हेतूनें तडजोड करणाऱ्या अंमलदारास संरक्षण द्यावें. आणि निवाड्यास आव्हान देण्याचा हुकूम ज्यानें काढला त्याचें नांव, कारण व त्यापायीं चढलेलें व्याज दरवर्षीं विधिमंडळापुढें ठेवावें. ही शेवटची सूचना कित्येकांस कडू लागेल. पण जो कोणी लोकांच्या खर्चानें भांडतो त्यानें भांडणाचा जमाखर्च लोकांस दाखविला पाहिजे. घर घेणाऱ्यांच्या वसुलीसाठीं प्रत्येक मोठ्या जिल्ह्यांत स्वतंत्र अंमलदार नेमावा.

इमारत सरळ उभी राहावी म्हणून गवंडी प्रत्येक थरास ओळंबा लावून पाहतो. दहा मजले चढल्यावर एकदांच लावीत नाहीं. पहिल्या थरांतला कल तो तेथेंच काढतो, कारण वर गेल्यावर तो काढावयाचा तर भिंतच पाडावी लागते, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. जी गोष्ट दहावी इयत्ताही न शिकलेल्या गवंड्यास समजते, ती आमच्या राज्यकर्त्यांस समजूं नये असें तिच्यांत कांहीं अवघड नाहीं. न्यायाचा ओळंबा प्रत्येक थरास लावण्याची व्यवस्था त्यांनीं करावी. भिंत पाडण्याची पाळी आपोआप टळेल.